बाबांचे उणे तीन

३ नोव्हें., सोम.
डबा खाताना ग्लेन शेजारी. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत नवा आलाय, गिरगावचा. गोव्याच्या कॅसिनोत जाऊन आला. तिथे पत्ते मोजणारे लोक येतात म्हणे, आणि ओळखू आले की त्यांना गोड बोलून बाहेर काढतात. मी म्हटलं, बावन्न पानं लक्षात ठेवायची म्हणजे डोकं आहे की काय!
"पानं नाय गं, एकच आकडा लक्षात ठेवायचा."
दोन ते सहा आलं की अधिक एक. सात-आठ-नऊ, सोडून द्या. दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का, उणे एक. पत्त्यांचा पूर्ण कॅट संपला की शून्य. बस्स? माझा विश्वासच बसेना.

४ नोव्हें.
पण त्याने फायदा काय? ग्लेनला पुन्हा पकडलं. ब्लॅकजॅकमध्ये एकवीसच्या जवळ जायचं, पुढे गेलात की मेलात. बारकी पानं आधीच येऊन गेली, तर उरतात मोठी. मग आपलं चांगलं जमतं, आणि पत्ते वाटणाऱ्याला सतरापर्यंत घ्यावंच लागतं, तो जास्त वेळा मरतो. आकडा वर गेला की पैज वाढवायची. म्हणजे पुढचं पान कळत नाहीच! उरलेल्यांत कोण जास्त, एवढंच. मला हे फार आवडलं.

संध्या. भावाचा, नितीनचा पुन्हा फोन. रविवारी बाबांना न्यायला येतोय, कायमचं, कल्याणला. गेल्या महिन्यात बाबा लालबागला सुकट आणायला गेले ते परतताना आमच्या डिलाईल रोडच्या जुन्या चाळीच्या जागी पोचले. तिथे आता टॉवर. वॉचमनपाशी दोन तास बसून होते. नितीन म्हणतो, "ताई, तू दिवसभर कामावर." खोटं नाही, म्हणूनच राग येतो.
मी : त्यांचं डोकं शाबूत आहे.
तो : कशावरून?
फोन ठेवल्यापासून उत्तर शोधतेय.

५ नोव्हें.
सुचलं. बाबांना मोजायला लावायचं. डिलाईल रोडच्या चाळीत तीनशे चारच्या डावात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कॅट काढला. तीनशे चारला सत्तीच्या खालची पानं लागत नाहीत, ती वेगळ्या रबरात होती, ती त्यात मिसळली. नियम सांगितला. बाबांनी लगेच नावं ठेवली : बारकी ती चिल्लर, मोठी ती शेटजी, मधली बघे. मी एकेक पान टाकत गेले, मनात मीही मोजत होते.
माझं शून्य. बाबा : "उणे तीन."
पहिलीच वेळ, म्हणून सोडून दिलं.

६ नोव्हें.
पुन्हा. मी शून्य. बाबा उणे तीन.
"बाबा, शून्यच यायला हवं."
"येवक व्हया तर येवक व्हया. येना नाय."
मी आतल्या खोलीत जाऊन रडले. नितीन बरोबर असेल तर?

७ नोव्हें., शुक्र.
आज सकाळी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा उणे तीन. दुपारी लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारताना एकदम लक्षात आलं : विसरणारा माणूस दर वेळी वेगळं चुकेल ना? एकदा अधिक पाच, एकदा उणे दोन. पाच वेळा तेच कसं चुकणार?
घरी येऊन नुसती पानं मोजली. एकोणपन्नास. पुन्हा मोजली. एकोणपन्नास! तीन कमी, आणि उणे तीन म्हणजे तिन्ही चिल्लर. बाबा पाचही वेळा बरोबर होते.
मग माझं शून्य कुठून आलं? मला उत्तर आधीच माहीत होतं, म्हणून मी कुठेतरी गाळत, कुठेतरी भरत तिथे पोचत होते. लाज वाटली.
बाबांना सांगितलं तर हसले. "बारकी पाना खंय गेली, माका इचार. तुझ्या आयशीन कपाटाखाली घातल्यान. कपाट डुलत होता."
वाकून पाहिलं. गोदरेजच्या पायाखाली दुमडून तीन पानं : किलवर दुर्री, इस्पिक तिर्री, चौकट पंजी. आईच्या हातची घडी. मी आनंदाने टाळ्या पिटल्या.

८ नोव्हें.
सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "तुझी आई बाजारातसून अजून येवक नाय?"
आई जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला. उरलेल्यांत काय जास्त, काय कमी, मला कळेना.

९ नोव्हें., रवि.
नितीन आला. मी काही लपवलं नाही, आईचंसुद्धा सांगितलं. मग म्हटलं, तू एकदा मोजून बघ. तीच एकोणपन्नास पानं, कपाटाखालची तशीच ठेवलीत. नियम सांगितला, शेवटी शून्य येतं हेही सांगितलं. त्याने भराभरा पानं टाकली आणि ऐटीत म्हणाला, "शून्य!"
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. नितीनला सांगितलं तेव्हा तोही हसला. त्याने आणलेली रिकामी बॅग दारापाशी, चेन उघडी.
"बाबा, चलणार ना?"
"सगळे माका मोजतत," बाबा म्हणाले. "माका खंय रवाचा आसा, ता इचारता कोण?"
खरंच. महिनाभर आम्ही भावंडं फोनवर भांडलो, त्यांना एकदाही विचारलं नाही. मी खाली मान घातली.
नितीन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. "बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"
बाबांनी कॅट उचलला, पिसला आणि त्याच्या हातात दिला.
"सांगतंय. आधी पाना वाट."