सोमाच्या दंडाचं जेवण

एटापल्लीजवळ, मामाच्या गावी. रविवार, संध्याकाळ

सभा झाली त्याच दिवशी लिहायचं होतं. उद्या-उद्या करत राहिलो.

मामेभाऊ सोमानं गावातल्या राजेबाईचं मोहाचं झाड तोडलं. ग्रामसभेनं त्याले ठाण्यात दिलं नाई. नवी रोपं जगव, आणि गावाले स्वतःच्या हातानं जेवू घाल, असा दंड दिला. जेवण झालं की विषय संपला, ही इथली रीत.

लहानपणी मामाच्या दंडाचं जेवलो होतो. अंबाडीची भाजी, लाल मुंग्यांची चटणी. काय जीभ पोळली होती! आदल्या दिवशी मामाले शिव्या देणारेच त्याच्याकडं भात मागत होते. कोर्ट असंच असते, असं मले तेव्हा वाटायचं.

पण राजेबाई सभेत म्हणाली, "झाड माह्या सासूचं होतं. मी नाई जेवणार. जेलात टाका त्याले."

तीच जेवली नाई, तर दंड फिटला कसा म्हणायचा? पुढच्या वेळी सभेचं ऐकेल कोण? सगळे ठाण्यातच जातील. आजही चटणी आहे, भात शिजला, पण राजेबाईबिगर पंगत बसून नाई राह्यली. सोमा चुलीपाशी मान खाली घालून.

थांबतो. राजेबाई आली! हातात घरची पत्रावळ.

"सोमा, भात कच्चा असला त उठून जाईन हं."