मक्याच्या पोंग्यातली भोके

बाई, तुम्ही जाऊन अकरा वर्षे झाली आणि आज मी तुम्हाला लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याची आधी क्षमा मागते. उत्तर येत असूनही वर्गात मी कधी हात वर केला नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आठवीत तुम्ही मटकीला मोड आणण्याचा प्रयोग दिला होता. मी पुस्तक वाचून निरीक्षणे आधीच लिहून ठेवली. तुम्ही वही पाहता, खिडकीतली माझी वाटी उचलता आणि शांतपणे विचारता, "हे मोड तुला दिसले, की दिसायला हवे होते?" वर्ग हसतो, कारण वाटीतली मटकी कुजलेली आहे. पहिल्या नंबरच्या मुलीला, म्हणजे मला, ते फार लागले. शाळा सुटताना तुम्ही आपले भिंग माझ्या हातात ठेवलेत. "आधी बघ. मग लिही."

ते भिंग आता कॅनबेरात आहे. इथल्या काचगृहात मी मका तपासते: एक साधा, दुसरा जनुक बदललेला, ज्याचे पान खाऊन लष्करी अळी मरावी. झाडाचा पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने, उलगडून शून्य ते नऊ गुण द्यायचे. भोके जास्त, तर गुण जास्त. मका कोणता ते सांगणाऱ्या कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या एकाने झाकायच्या, दुसऱ्याने गुण द्यायचे, अशी रीत. लॉकडाऊनमुळे आत एकालाच परवानगी, म्हणून चिठ्ठ्या उघड्या ठेवून मी एकटीच गुण देत गेले. बदललेल्या मक्याला सगळीकडे शून्य, नाहीतर एक. याच गुणांच्या अहवालावर माझी पुढच्या वर्षाची नोकरी ठरायची आहे.

तरी मन खात होते. काल गुंगालिन उपनगरातल्या घरी, सोबत राहणाऱ्या पुण्याच्या मैत्रिणीला मी झाडांचे फोटो चिठ्ठ्या कापून दाखवले आणि पहिल्याला मी दिलेला गुण सांगितला.

"ह्याला एक? अगं, चाळणी झालीय ह्याची. तुझा लाडका वाटतं?"

"तू आयटीवाली. तुला मक्यातलं काय कळतं?"

"म्हणूनच मला विचारतेयस ना?"

तिने सगळ्या फोटोंना नव्याने गुण दिले. बदललेला मका साध्यापेक्षा पुष्कळच तगला होता, पण मी लिहिले होते तितका नाही. मला ती भोके दिसलीच नव्हती, बाई. भिंग खिशातच होते.

आज दोन्ही गुणतक्ते आणि माझी चूक प्रमुखांना ईमेलने कळवली. उत्तर अजून आलेले नाही. हे पत्र भिंगाच्या डबीतच राहील. एक मात्र कबूल करते: मटकीच्या निरीक्षणांवर तुम्ही लाल शाईने शेरा मारलेले वहीचे पान मी घरी दाखवले नाही, फाडून टाकले. आजची ईमेल फाडता येत नाही. तिच्यावर वेळ उमटली आहे: बुधवार, १५ सप्टेंबर २०२१, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.