दोन टप्प्यांचा चाप

१२ जुलै, शनिवार

मास्तर म्हणतो चाप बदलू या. स्पर्धा तोंडावर आली आणि आता बदलू या!

रेवाला आचोळ्याला रेंजवर नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे. मुलगा विद्याधर आणि सून सुरुची सकाळीच मुंबईला जातात, मागे राहतो मी. नातीच्या रायफलची पेटी सांभाळत वटारहून बस, नालासोपाऱ्याला उतरून पूल, पुढे रिक्षा. रेंज म्हणजे एका गाळ्याचा वरचा मजला. खाली खिडक्यांच्या जाळ्या बनवतात, वर पोरं नेम धरतात. बसायला खुर्ची एकच, तीही डगडगती. तिच्यावर मी बसतो आणि मास्तर मला काका म्हणतो. याचा काका मी कधी झालो?

हर्षवर्धन त्याचं नाव. साताऱ्याकडचा. म्हणे रेवा चापावर अडकते. तिचा चाप दोन टप्प्यांचा. आधी बोट सैल मागे जातं, मग अडतं. तिथे थांबायचं, नेम नीट बघायचा, मग जरासं दाबलं की छर्रा सुटतो. रेवा तिथे थांबते ती थांबूनच राहते. हात भरून येतो, रायफल खाली घेते, वेळ जातो. म्हणून एका टप्प्याचा करू म्हणतो. त्यात सैल नाही, अडणं नाही. बोट टेकलं, दाब दिला, सुटला.

मी म्हटलं, नाही.

१३ जुलै, रविवार

बंदूक माहीत असलेला या घरात मी एकटा. हे कोणी लक्षात घेत नाही.

बागेसाठी बारा बोरची होती. शेती संरक्षणाचा परवाना माझ्या नावावर. निवडणूक लागली की पोलिसांकडे जमा करायची, निकाल लागले की सोडवून आणायची. आणताना दर वेळी वाटायचं, दुसऱ्याचीच हातात दिली. घरी येऊन दस्त्यावरचे ओरखडे ताडून बघायचो, तेव्हा जेवण जायचं. पुढे विद्याधर मागेच लागला — बाबा, हे लचांड नको घरात. परवाना देऊन टाकला.

त्या बंदुकीला थांबा नव्हता. बोट लागलं की गेली. भावाच्या हातून अशीच एकदा गेली आणि पंपाच्या खोलीच्या पत्र्याची चाळण झाली. आत कोणी नव्हतं म्हणून बरं. माणसाला शेवटच्या क्षणी थांबायला जागा पाहिजे. मास्तर तीच काढून टाकायला निघाला आहे.

हे सगळं मंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एवढे नेमबाज तुम्ही, पण त्या बंदुकीने एक वटवाघूळ कधी पडलं नाही. उडायची ती आवाजाने."

हिच्याशी बोलायलाच नको.

१६ जुलै, बुधवार

रेवाला सरळ विचारलं, तुला कुठला चाप हवा? म्हणाली, मला कुठलाही चालेल, आधी तुम्ही दोघं फायनल करा. वर म्हणाली की सर बोलतात ते पण लॉजिकल आहे.

म्हणजे माझं नाही.

सुरुची जेवताना म्हणाली, बाबा, सरांना शिकवू दे ना त्यांच्या पद्धतीने. माझ्याशी बोलताना हिचा आवाज ऑफिसातला होतो. बँकेत कोणी चुकीच्या खिडकीवर आला की काढत असेल तसा.

१९ जुलै, शनिवार

मास्तरला गाठलं. म्हटलं, पोरीच्या मनात नसताना छर्रा सुटला आणि नंबर गेला तर तू भरून देणार का? त्याने वाद घातला नाही. म्हणाला, "ठीक आहे काका. स्पर्धा होईपर्यंत टू-स्टेजच ठेवतो. पहिला टप्पा तेवढा थोडा हलका करतो."

मग माझ्याकडे पाठ करून बारक्या चावीने स्क्रू फिरवत बसला. बराच वेळ.

जिंकलो. पण इतक्या लवकर ऐकलं कसं?

२० जुलै, रविवार

हलका करतो म्हणजे काय करतो? आणि पाठ कशाला करायची? प्रामाणिक माणूस समोर बसून काम करतो.

२१ जुलै, सोमवार

फसवलं!

रेवा कॉलेजात गेल्यावर पेटी उघडली. आत छर्रा नाही ना, दोनदा पाहिलं. नळीचं तोंड भिंतीकडे केलं. चाप दाबला तर सरळ गेला. अडलाच नाही. पुन्हा दाबला. सरळ. गेल्या दिवाळीत रायफल घरी आली तेव्हा पहिला चाप मीच दाबून पाहिला होता. थांबा कसा स्पष्ट लागला होता, दार कडीला लागावं तसा. आता तिथे काही नाही.

तोंडावर हो म्हणायचं आणि पाठ करून आपलंच करायचं. म्हातारा आहे, सातवी शिकलेला आहे, ह्याला काय कळतंय! उद्या दाखवतो.

२२ जुलै, मंगळवार

दाखवलं. सगळ्यांसमोर.

रेंजवर आज पोरांचे आईबाप पण होते. मी म्हटलं, तू खोटारडा आहेस. दोन टप्पे सांगतोस आणि एक ठेवतोस. तो गोंधळला. रायफल घेतली, चाप दाबला, म्हणाला, हा बघा काका, इथे थांबतोय. मी त्याच्या हातातून घेऊन दाबला. सरळ गेला. रेवाला म्हटलं, तू दाब. तिने दाबला. "थांबतोय, आजोबा," म्हणाली. वर बघितलं नाही. पढवलेली आहे, दुसरं काय. टिफनी म्हणून एक पोरगी आहे, तिची आई ओढणीत तोंड घालून हसली.

त्या हसण्याने डोकं फिरलं. सगळ्यांना सांगितलं, आपापल्या पोरांचे चाप घरी नेऊन तपासा, हा काय काय करून ठेवतो कोण जाणे. एका बापाने खरोखरच पेटी उघडली आणि आपल्या मुलाची रायफल बघायला लागला.

मास्तरचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "काका, लोक विश्वासाने पोरं सोडतात माझ्याकडे. दुसरं काय आहे माझ्यापाशी?" मी म्हटलं, तेही नाही. तेव्हा म्हणाला, "मग उद्यापासून रेवाला आणू नका. विश्वास असेल तिथे न्या."

बसमध्ये रेवा पुढच्या सीटवर जाऊन बसली. पेटी माझ्या मांडीवर.

२४ जुलै, गुरुवार

दिव्यांची आवस. मंदाने दिवे घासून पाटावर मांडले, पुजले. रेवा नमस्कार करून लगेच आत गेली. कणकेचे दिवे सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी माझ्या पानावर आले.

राज्य स्पर्धेला नाव मास्तरच्या क्लबकडून जायचं असतं. यादी महिनाअखेर जाते. तो नाव घालणार नाही, आणि मी त्याच्या पायऱ्या चढणार नाही. विरारला दुसरी रेंज आहे, तिथे फोन केला. ते म्हणाले, जुन्या क्लबने सोडल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही. सगळे एकाच माळेचे मणी.

सुरुची आज ऑफिसातल्या आवाजात बोलली नाही. म्हणाली, "बाबा, ती पहाटे उठून भिंतीसमोर रायफल धरून उभी राहते. थंडीत, तापात. तुम्हाला दिसत नव्हतं का?"

दिसत होतं. म्हणूनच तर भांडलो. तिच्या एवढ्या मेहनतीवर कोणी चोरून स्क्रू फिरवतो आणि मी गप्प बसू?

२५ जुलै, शुक्रवार

रेवा पहाटे उठली नाही.

२७ जुलै, रविवार

विद्याधर घरी होता. म्हटलं, आज सोक्षमोक्ष. पेटी ओटीवर आणली. सगळ्यांना बसवलं. छर्रा नाही ते दाखवलं, तोंड बागेच्या भिंतीकडे. मी दाबला. म्हटलं, बघा, कुठे अडला?

विद्याधरने घेतली. जन्मात कधी बंदुकीला हात लावला नाही त्याने. दाबला आणि म्हणाला, बाबा, अडतोय की. सुरुचीने दाबला. अडतोय. मी म्हटलं, तुम्ही नवरा-बायको एक आहात. मग मंदा पुढे झाली, पदराला हात पुसले, बोट घातलं. थोडा वेळ तशीच राहिली.

"इथे अडतंय अहो. एवढं कसं कळत नाही तुम्हाला?"

घरातले सगळे त्या मास्तरला मिळालेले. बायकोसुद्धा! रेवा तेवढी पुढे आली नाही. दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी मोठ्याने बोललो, बरंच बोललो. पोरीचं वाटोळं तुम्ही केलंत म्हटलं. मग बागेत जाऊन बसलो. जेवायला हाक मारायला कोणी आलं नाही. शेवटी मीच गेलो. ताट झाकून ठेवलेलं होतं.

२९ जुलै, मंगळवार

विद्याधर ऑफिसला जाताना म्हणाला, परवा यादी जाते. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

३० जुलै, बुधवार

दुपारी घरी कोणी नव्हतं. पुन्हा पेटी उघडली. दाबून दाबून उजवा हात भरून आला म्हणून रायफल टेबलावर टेकवली आणि डाव्या हाताचं बोट घातलं.

अडला.

उजव्याने दाबला. सरळ. डाव्याने — अडला. स्वच्छ. उजव्याने अगदी हळू, डोळे मिटून. काही नाही.

मंदाच्या डब्यातली सुई आणली. डाव्या बोटाला टेकवली तर हात मागे गेला. उजव्या बोटाला टेकवली, जोर दिला. रक्त दिसलं तेव्हा कळलं.

रेवा आली तेव्हा म्हटलं, सरांना फोन लाव, मला बोलायचं आहे. ती म्हणाली, "आता आणखी काय बोलणार, आजोबा?"

उजवं बोट तिच्यापुढे धरलं.