बायजाबाईंच्या न्हाणीची भिंत

मंगळवार, १३ फेब्रुवारी १९९६. रोहा.

चिऱ्याची पक्की भिंत आपोआप सरकते का? मला उत्तर देता येत नाही. भूगोल घेऊन बी.ए. झाले, मोजणी खात्याचं ट्रेनिंग झालं, पण हा प्रश्न कुठेच कोणी काढला नव्हता.

प्रकरण असं आहे. गडबजवळच्या वाडीत बायजाबाईंनी आपल्या मातीच्या घरामागे चिऱ्याची नवी न्हाणी बांधली. शेजारच्या दत्तात्रेयांची तक्रार की ती घराच्या ओळीत नाही, दोन घरांमधल्या सामाईक बोळात घुसली आहे. निकाल होईपर्यंत न्हाणी वापरायची नाही असं पंचायतीने सांगितलं. मोजणी माझ्याकडे. प्रोबेशनमधलं पहिलं स्वतंत्र काम.

गेल्या मंगळवारी बोळातून दोरी ताणली. दोरीपासून घराचा कोपरा किती, न्हाणीचा कोपरा किती, दोन्ही मोजलं. बोळाच्या तोंडाशी सगळी वाडी जमली होती. न्हाणी चांगली वीतभर बाहेर. आज केवळ अचूकपणासाठी पुन्हा गेले. वाडी वडखळला लग्नाला गेलेली. बोळात मी आणि टेपचं दुसरं टोक धरणारे आमच्या ऑफिसचे पोपटमामा. निवांत खाली बसून, टेप अगदी जोत्याला टेकवून मोजलं. न्हाणी ओळीत. बोटभराचाही फरक नाही.

अर्थ उघड आहे. आठवड्यात कोणीतरी भिंत पाडून आत घेतली.

संकल्प: यापुढे न कळवता जायचं. वाडीत कोणाकडे चहा घ्यायचा नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

न कळवता गेले. एसटीतून उतरेपर्यंत वाडीला कळलं होतं. कोणी कळवलं? पोपटमामा माझ्याबरोबरच होते, पण तेवढ्याने ते सुटत नाहीत.

पुन्हा गर्दी. पुन्हा मोजलं. न्हाणी पुन्हा वीतभर बाहेर!

दत्तात्रेय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बगा, बाई शिकलेली हाय. माप खोटा नाय बोलायचा." मी बायजाबाईंना सरळ विचारलं, मंगळवारी ही भिंत आत होती, आज बाहेर कशी? त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गो, भित काय म्हस हाय, दावा तोडून फिरायला?" लोक हसले. ज्याची बाजू लंगडी असते तो असाच विनोद करतो.

एकाने विचारलं, बाई उभ्या उभ्याच मोजतात का? मी सांगितलं, उभं राहिलं की चहूकडे लक्ष राहतं. ट्रेनिंगलाही मुलगे खाली बसत, वाकत, मी उभ्याने टेप धरत असे. लाजण्याचा प्रश्नच नाही. मी कोणाला लाजत नाही.

चहा घेतला. बिनदुधाचा होता, म्हणजे तो काढा. संकल्प मोडला असं होत नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

संशयितांचा विचार केला.

पोपटमामा: बायजाबाईंच्या ओट्यावर बसून दोन कप पितात. दुधाचा. टेप वर धरा म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. स्वतःहून एक शब्द नाही. इतका गरीब माणूस सरकारी ऑफिसात टिकला कसा?

निलेश, बायजाबाईंचा मुलगा: धाटावला कंपनीत. आज सकाळी रोह्याच्या स्टँडवर नाइट शिफ्ट करून आलेला दिसला, तेव्हा शर्टाच्या बाह्या लाल. चिऱ्याची धूळ! विचारलं, तर म्हणाला, "रंगाची कंपनी हाय ताई. मागच्या आठवड्यात निळा होतो."

टेप: जुनी आहे. ऑफिसातून नवी स्टीलची मागून घेतली. जुनीशी ताडून पाहिली, सारखीच. म्हणजे दोन्ही चुकीच्या असू शकतात.

आईला घरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू पहिल्या दिवशी निघालीस तेव्हा मी काय बोलले, बाप्यांसमोर पदर सांभाळ, बाकी काम आपोआप होतं. आईला मोजणीतलं काही कळत नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

पहिल्या एसटीने गेले. वाडी जागी व्हायच्या आत. पोपटमामांना पेणहून तिथेच बोलावलं होतं, ते कुरकुर न करता आले. हेही लक्षात ठेवलं आहे.

बोळाच्या मागच्या अंगाला दोन बांबूंना लुगडं बांधलेलं. आत निलेशची बायको मृणाली आंघोळ करत होती. मी पाठ फिरवली. केस पुसत बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "ताई, लवकर ठरवा ना. उजाडलं की बोळातून माणसं जातात. वारा आला की लुगडं एका हातानं धरायचं नि एका हातानं अंग धुवायचं. सासूबाईंनी माझ्यासाठी म्हणून न्हाणी बांधली." मी सांगितलं, माझ्यापुढे भावना नाही, फक्त माप आहे. तिने मान हलवली. मला उगाच काहीतरी झालं.

कोणी नव्हतं तोवर बसून मोजलं. न्हाणी ओळीत!

म्हणजे आजवर दोनदा बाहेर, दोनदा आत. लोक आले की भिंत बाहेर येते, लोक गेले की आत जाते. ही भिंत माणसं बघून वागते.

एसटीत खूप विचार केला. जी मापं चारचौघांसमोर घेतली ती खरी धरायची. त्यांना साक्षीदार आहेत. एकान्तातल्या मापाला साक्षीदार कोण? पोपटमामा, ते तर संशयितच. हे तर्कशुद्ध आहे. घरी पोचेपर्यंत माझी खात्री पटली होती.

शुक्रवार, १ मार्च

अहवाल दिला. न्हाणीचं अतिक्रमण, वीतभर. अक्षर सुंदर आलं आहे. पंचायतीने लगेच बायजाबाईंना सांगितलं, बोळाकडची भिंत आठवड्यात काढा, नाहीतर आमची माणसं काढतील.

बाबांनी शेजारी सांगितलं की अनिताने एका दणक्यात प्रकरण मिटवलं. दत्तात्रेयांनी नारळ पाठवले. तत्त्व म्हणून परत करायचे होते, पण आईने तोवर वड्या थापल्या होत्या. मी एकच खाल्ली. नंतर एक.

बुधवार, ६ मार्च

बायजाबाई पेणला ऑफिसात आल्या! थेट आमच्या मोकल साहेबांच्या टेबलासमोर. मी दाराआड होते, कामानिमित्त. "सायेब," त्या म्हणाल्या, "तुमची पोरगी गुणाची हाय, पण येक डाव तुमी सोता मोजा." साहेब म्हणाले, शुक्रवारी येतो.

मला गुणाची का म्हणाल्या? यामागे काहीतरी आहे.

शुक्रवार, ८ मार्च

सविस्तर लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

आम्ही पोचलो तेव्हा न्हाणीची बोळाकडची भिंत कंबरेपर्यंतच उरली होती. निलेशने काल शिफ्टवरून येऊन स्वतःच वरचे चिरे उतरवले होते. साहेबांनी विचारलं, आम्ही येणार होतो, थांबायचं ना? तो म्हणाला, "पंचायतीची मुदत आज संपते सायेब. तुम्ही नसता आलात तर? परक्यांनी पाडल्यापेक्षा आपल्या हातानं बरी." आणि चिरे नीट रचत राहिला.

साहेबांनी मला विचारलं, टेप कुठे धरलात? मी छातीशी हात नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा काढला आणि समजावलं. मातीची जुनी भिंत खाली जाड असते, वर निमुळती होत जाते. चिऱ्याची सरळ चढते. वर मोजलं तर न्हाणी बाहेर दिसणारच. म्हणून कोपरा नेहमी जोत्याला धरायचा.

हे मला माहीत होतं. परीक्षेत यावर प्रश्न होता. पूर्ण मार्क मिळाले होते.

मग मोजा, साहेब म्हणाले. बोळाच्या तोंडाशी निम्मी वाडी, सगळे बाप्ये. दत्तात्रेय सर्वांत पुढे. पोपटमामा गुडघे धरून खाली बसले, टोक जोत्याला लावलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी उभी. म्हटलं, वरूनही वाचता येईल. नाही येणार, साहेब म्हणाले. म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. साहेबांनी वर पाहिलं. बोळात सावली होती.

तेवढ्यात बायजाबाई ओट्यावरून कडाडल्या, "ए, तोंडा फिरवा रं तिकडं! म्हसरागत काय बगताव? पोरीला काम करू द्या." दत्तात्रेय म्हणाले, "मी का फिरवू? माझा बोळ हाय." "तुजा आर्धा हाय. आर्धा तोंड फिरव!"

हशा झाला आणि हसत हसत सगळे वळले. दत्तात्रेयसुद्धा. मी पदर खोचला, बसले, मोजलं.

ओळीत.

मला वाटलं बायजाबाई आता बोलतील. त्या चहा टाकायला आत गेल्या. मृणाली उतरवलेल्या एका चिऱ्यावर बसली होती. तिने माझ्या साडीची धूळ झटकली. कशासाठी, ते समजलं नाही. एसटीत बसल्यावर कुठे कळलं, ती रागावली नव्हती.

सोमवार, ११ मार्च. पेण, ऑफिस.

साहेब म्हणाले, नवा अहवाल द्या, आणि चूक कशाने झाली ते लिहावं लागेल. प्रोबेशन लांबेल. मग खाली बघत म्हणाले, टेप जुनी होतीच म्हणा.

टेप खरंच जुनी होती. ऊनही होतं. बोळ अरुंद. वाडीतले लोक गोंधळ घालत होते, त्याचाही परिणाम होतोच. यातलं एकही खोटं नाही.

पोपटमामा टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, माजा नाव लिवा. मी टोक वर धरला म्हणून. मी आता रिटायर होतंय, माजा काय करणार?" पाच आठवडे मी या माणसावर नजर ठेवून आहे. आता ते माझ्यासाठी असं का करतात? यात त्यांचा काय फायदा? जेवणाच्या सुट्टीत विचार केला. सापडला नाही.

न्हाणी ओळीत असल्याचं लिहिलं. भिंत पूर्ववत बांधायला हरकत नसल्याचं लिहिलं. चूक कशाने झाली, त्यापुढे लिहिलं: "मोजणी करणारीने लोकांसमोर वाकायला लागू नये म्हणून मापे उभ्याने घेतली." खाली माझं नाव, सही. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

साहेब जेवून परत यायच्या आत जावक नंबर घातला. दुपारच्या टपालाने अहवाल पंचायतीकडे गेला.