भीतीला माफ करता येत नाही

बाई,

परवा माझा थोरला भाऊ जेवायला बसला होता आणि मी त्याला कोळंबीचं कालवण वाढत होते, तेव्हा तुमची फार आठवण झाली. उमेदीची सगळी वर्षं आखातात नोकरीत घालवून तो आता कायमचा गावी, बुरोंडीला परत आलाय. त्या जेवणात आम्ही दोघं काय बोललो ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं असं वाटेना, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही.

कॉलेजसाठी मी रत्नागिरीला आले तेव्हा वसतिगृहात जागा नव्हती आणि तुमच्या घरात एक खोली रिकामी होती. आईला मोठी धास्ती होती. आम्ही मुसलमान, तुम्ही ख्रिस्ती, त्यात एकट्या राहणाऱ्या. तुम्ही तिला चहा दिलात आणि सांगितलंत की नमाज ती पढेल, प्रार्थना मी करीन, स्वयंपाक दोघी मिळून करू. तुम्ही नगरकडच्या, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या. बांगडा कसा साफ करायचा ते मी तुम्हाला शिकवलं आणि तुम्ही विळीवर बसून माझ्याकडून स्वतःच्या चुका काढून घ्यायचात, अगदी मन लावून. रमजानात तुम्ही दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून जेवायचात. याची काही गरज नाही असं मी म्हटलं, तर म्हणालात, गरज नाही म्हणूनच करते. गरजेनं केलेल्यात माझं काय आलं?

वर्गात शिकवताना मात्र तुम्ही वेगळ्या. एकदा उत्तरपत्रिकेत मी लिहिलं होतं की माणूस चुकतो, कारण मनुष्यस्वभावच तसा आहे. तुम्ही त्या वाक्यावर रेघ मारलीत आणि सगळ्यांसमोर विचारलंत, की हा पेपर कुणी लिहिला, तू की तुझ्या स्वभावानं? वर्ग हसला. मी घरी येऊन तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी भाजी निवडता निवडता रागानंच विचारलं, की तुमच्या देवाला पहिला माणूस ते मना केलेलं फळ खाणार हे ठाऊक होतं, तर त्यानं त्याला अडवलं का नाही? तुम्ही खिडकीतून शेजारच्या कलमांच्या बागेकडे बघितलंत. म्हणालात, आपण आंब्याभोवती जांभ्या दगडाचा गडगा घालतो. देवालाही माणसाभोवती तसा घालता आला असता. पण मग आत राहिला असता तो माणूस नव्हे, नुसता कोंडलेला प्राणी. मला ते तेव्हा पटलं नाही. नुसतं बोलणं वाटलं.

मग तो अपघात झाला. तुम्हाला रोज कॉलेजात नेणारा रिक्षावाला, शांत, कधी जोरात न चालवणारा. उतारावर गुरं आडवी आली आणि रिक्षा उलटली. तुमचा पाय खाली अडकला. तो बाहेर निघाला, त्यानं तुमच्याकडे पाहिलं, आणि पळून गेला. बाजारातून परतणाऱ्या मासेवाल्या बायकांनी रिक्षा उचलली आणि तुम्हाला दवाखान्यात नेलं. नडगीचं हाड मोडलं होतं. कॉलेजातले सगळे म्हणत होते, पोलिसांत द्या. तुम्ही नको म्हणालात.

काही दिवसांनी तो बायकोला घेऊन आला. तुम्ही पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. तो दारातच उभा. बोलत होती ती. "घाबरले हो ते. मानूस हाय ना. त्यांच्या हातात काय होतं?" मला तिची दया आली. मीही म्हणाले की कुणीही घाबरलं असतं, बाई, सोडून द्या. मला वाटलं तुम्ही हसून हो म्हणाल. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. त्याच्याकडे बघून हळू म्हणालात, "भीती तुला आपोआप आली. पळालास तू." तो मान खाली घालून निघून गेला. त्याची बायको जाताना माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच त्याला हाकललं.

मी तुमच्याशी भांडले. माफ करायला सांगणारा तुमचा धर्म, आणि एका गरीब माणसाला असं बोलायचं? तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी आजवर विसरले नाही. "तू त्याला सोडवत नव्हतीस, पुसून टाकत होतीस. भीतीला माफ करता येत नाही गं. माणसाला येतं. पण त्यासाठी तो तिथे असायला हवा ना?"

तो पुन्हा आला तेव्हा एकटा होता. दारात थांबला नाही, आत आला, जमिनीवर बसला. म्हणाला, "बाई, मी पलालो." तुम्ही म्हणालात, "हो. माफ केलं." एवढंच. मग मला चहा टाकायला सांगितलंत आणि त्याच्याशी रिक्षाच्या दुरुस्तीचं बोलत बसलात. मी आतून ऐकत होते. तो हसला ते मला ऐकू आलं. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात तुम्ही पुन्हा त्याच्याच रिक्षातून कॉलेजला निघालात. मी शेजारी बसलेली, मुठी घट्ट आवळून. तुम्ही बाहेर बघताय, निवांत.

आई गेली तेव्हा तुम्ही नव्हतात. महिनाभर ती अंथरुणाला खिळून होती आणि भाई आला नाही. सुट्टी मिळत नाही, मालक कडक आहे, असं फोनवर सांगायचा. पुढे इतकी वर्षं मीच सगळ्यांना सांगत आले की त्याचा नाइलाज होता. त्यालाही तेच सांगायचे. आणि त्याच्याशी बोलणं दरवर्षी कमी कमी होत गेलं, ते का, हे मला कळत नव्हतं.

परवा जेवताना तो आपणहून म्हणाला, की तेव्हा परिस्थितीच तशी होती. मी नेहमीसारखं हो म्हणणार होते. पण वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "भाई, तू आला नाहीस." त्याचा हात ताटातच राहिला. म्हणाला, "सुट्टी मिलत होती. मला तिला तशी बघायची नव्हती. नाय आलो मी." त्याचे केस सगळे पांढरे झालेत, बाई. मी त्याच्याजवळ बसले आणि माफ केलं म्हणाले. त्यानंतर आम्ही आईबद्दल बोललो, पहिल्यांदाच, अगदी हसून बोललो. हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही मला त्या घरात ठेवून घेतलंत, माझ्याशी भांडलात, माझी दया मला परत केलीत, या सगळ्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हणाले नव्हते.

हा कागद जायचा कुठे? एक मात्र सांगून टाकते. भाईनं मग विचारलं की शेवटी आई काय म्हणाली. ती त्यालाच हाक मारत होती, शेवटच्या दिवशी दोनदा. मी म्हटलं, नंतर सांगते. तेव्हापासून तो घरीच आहे, मीही आहे, आणि मी अजून सांगितलेलं नाही. वेळ मिळाला नाही असं नाही, बाई.