सात नंबरचा आयपी

१ सप्टेंबर २००६, शुक्रवार

सकाळच्या बसने आंजीहून सिंदी मेघेला आलो. नोकरी लागली! अण्णाजींच्या सायबर कॅफेत कॉम्प्युटर सांभाळायचे. आधी इथे किराणा होता, अजून हळद-धण्यांचा वास येतो. मला तोही आवडला. मागच्या खोलीत राहायचं, जेवायचं त्यांच्याच घरी. अण्णाजी म्हणाले, नऊ मशिनी हायेत पण आठच चालवायच्या, सात नंबरले हात नाई लावायचा. ती आदेशची, त्यांच्या पोराची. सगळं नेटवर्क त्यानेच बसवलेलं. मागच्या वर्षी गाडीवरून पडला नि गेला. त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, ज्वारीची भाकर अन् आंबाडीची भाजी वाढली, वरून लसणाचं तेल. संध्याकाळी आईला फोन केला. घरी आम्ही दोघंच. म्हणाली, नीलेश, दर रविवारी येजो बाप्पा, नाईतं मले घर खायले उठते.

४ सप्टेंबर

इथे सगळा धंदा ऑनलाइन गेमवर. रणगाड्यांची लढाई. अन् ऐन लढाईत कनेक्शन तुटतं. चित्र थिजतं, मग लिहून येतं, सर्व्हरशी संपर्क तुटला. अंकित म्हणून इंजिनीरिंगचा पोरगा रोज येतो, आज ओरडला, भाऊ, हे नेट हाय का बैलबंडी? सगळे हसले, मीही. वायरींची टोकं नवी बसवली, स्विच बदलला, मोडेम बंद-चालू केलं. लाइनमन पाहून गेला, लाइन चांगली आहे म्हणे. पिंग केलं, म्हणजे सर्व्हरला हाक मारली, की एक उत्तर येतं, तीन हरवतात.

७ सप्टेंबर

जमलं! प्रत्येक मशीनला एक आयपी नंबर असतो. गेमचा सर्व्हर माणसाला ओळखत नाही, फक्त तो नंबर ओळखतो. आदेशने सगळे हाताने टाकून ठेवलेत. एकेक करून तपासले. सातचा तेवढा तुटत नाही. का, ते कळलं नाही. त्याचं मशीन बंद, वायर काढलेली, म्हणजे नंबर रिकामाच. तो माझ्या मशीनला देऊन टाकला, सगळ्यांचं नेट त्यातूनच जातं. अण्णाजींनी मशीनला हात लावू नको म्हटलं होतं. मशीनला मी हात लावलाच नाही.

दिवसभर एकदाही तुटलं नाही. अंकित म्हणे, भाऊ, तुमचे पाय धुऊन पेतो आता.

१० सप्टेंबर

रविवार. आंजीला जाऊन आलो. आईने पातोडीची भाजी केली होती.

१२ सप्टेंबर

पितृपक्ष. आज आदेशची तिथी. आपल्याकडे गेलेल्याच्या नावाने एका माणसाला पित्तर म्हणून जेवू घालतात. अण्णाजी म्हणाले, तुमच्याच वयाचा होता, तुम्हीच बसा. त्यांनी माझे पाय धुतले, गंध लावलं. कढी, वडे, खीर. पित्तराला त्याच्याच नावाने हाक मारतात. यशोदाबाई म्हणाल्या, पोटभर जेव रे आदेश. मी हो म्हटलं.

खीर गोड लागली नाही. संध्याकाळी कीबोर्डपाशी बसलो होतो तेव्हा अचानक तोंड गोड झालं.

१४ सप्टेंबर

स्क्रीनवर आलं, याच नंबरवर दुसरं मशीन चालू आहे. असं झालं की दोघांपैकी एकाला बाहेर पडावं लागतं. आठही मशिनी तपासल्या. सातची वायर जमिनीवर, धुळीत. तरी माझं मशीन बंद करून दुसऱ्यावरून सातच्या नंबरला पिंग केलं. उत्तर लगेच आलं.

माझं सगळं उशिरा येतंय. सकाळी चहा सांडला, बोट दुपारी भाजलं. भीती वाटायला हवी. तीही बहुतेक मागाहून येईल.

१५ सप्टेंबर

अंकित म्हणाला, काल संध्याकाळी काय खेळले भाऊ तुम्ही! संध्याकाळी मी वर्ध्याला होतो, वायर आणायला.

सातचा नंबर सोडून माझा जुना टाकला. तोही घेत नाही. म्हणे वापरात आहे. सगळेच वापरात — मला एकही नाही.

अण्णाजींना सांगायला गेलो. बोललो. ते पेपर वाचत राहिले. मी परत फिरल्यावर मागून म्हणाले, कोण बोलून राह्यलं?

१६ सप्टेंबर

आईला फोन लावला. हॅलो. हॅलो, कोण हाय? मी बोलतोय — बोलतोय — तिने ठेवून दिला.

जेवायला पानं रोजचीच तीन होती. नव्हतं ते माझं. यशोदाबाई हसत होत्या, काऊन रे, अजून एक भाकर घे ना. माझ्या जागेवर पाठ दिसली. मी समोर गेलो नाही.

हात बधिर. पेन कधी पकडला आठवत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

बसला हात केला. थांबली नाही.

दुपार — आई आली. इथे, कॅफेच्या दारात. डबा घेऊन. मी गल्ल्याशेजारी उभा — ती माझ्यातून आत पाहते.

माझ्या खुर्चीतला उठला. बसा मावशी, म्हणाला. कोणाले पाहून राह्यल्या?

आई म्हणाली, माझा पोरगा इथं —

यशोदाबाईंनी पाणी दिलं. इथं आमचा आदेशच राहते बाई, दुसरं कोणी नाई. नाव काय तुमच्या पोराचं?

आई थांबली. पदराने तोंड पुसलं. आठवतेय. ओठ हलतात — येत नाही. डब्याकडे पाहते, त्यांच्याकडे पाहते, म्हणते, आत्ता तं तोंडात होतं माय —

आई. मी लिहून दाखवतो. मोठ्या अक्षरात. इकडे बघ, माझं नाव —