जरा खाली आण

ती. आईस साष्टांग नमस्कार.

माझं जेवणखाण वेळेवर आहे, काळजी करू नकोस.

इथे प्रयोगशाळेत शिशाच्या अणूंचे गाभे प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळले की हजारो नवे कण जन्मतात. ते मोजणं माझं काम. यंदा माझा आकडा साहेबांच्या भाकितापेक्षा जास्त आला. "जरा खाली आण," म्हणाले. मी तीनदा मोजलं. आकडा हलला नाही, मग मी कशाला हलू?

नोकरीचं व्हायचं ते होवो. बाबांना मात्र सांगू नकोस. त्यांचं बीपी कसं आहे?

तू नर्स असताना मोठ्या डॉक्टरांनी सांगूनही पेशंटचा ताप कमी लिहिला नाहीस, म्हणून तुझी बदली झाली. माझी शाळा बदलली, तेव्हा मी तुझ्याशी महिनाभर अबोला धरला होता.

आता पाळी तुझी. हवा तर धर अबोला. आकडा तोच राहील.

तुझ्यावरच गेलेली,
तुझी लेक